थांबायची कळ

“ताई, अगं ह्यो कीबोर्ड येडा झालाय! मी खाली पत्ता लिवतोय, आन् ह्यो वरच्या ओळी गिळतोय.”

कपिलने दोन्ही हात वर केले. दीक्षाने पडद्याकडे पाहिलं. लग्नपत्रिकेतून नवरीची आई आणि मामा दोघंही गायब झाले होते.

“कीबोर्ड शहाणाच आहे. तू दुरुस्तीच्या मोडमध्ये लिहितोयस.”

“त्यातनं भाईर पडायला कोपऱ्यातली कळ दाबून दाबून बोट झिजलं की!”

“दादांसाठी मी ती रिकामी करून टाकली होती. इथं दाब.” तिने स्पेसबारच्या उजवीकडची कळ दाखवली. तिच्यावरची अक्षरं कधीच पुसली गेली होती.

दीक्षाचे दादा, म्हणजे वडील हिंदुराव, जाऊन महिना झाला होता. सांगलीतलं त्यांचं टायपिंगचं दुकान आता पुतण्या कपिल चालवणार होता.

हिंदुराव आधी माधवनगरच्या कापडगिरणीत मागावर होते. डाव्या हाताची दोन बोटं तिथंच राहिली. गिरणी बंद पडल्यावर उरलेल्या बोटांनी ते टायपिंग शिकले. पुढे माउस धरून मनगट दुखायला लागलं, तेव्हा साताऱ्यात कॉलेजवर संगणक शिकवणाऱ्या दीक्षाने त्यांना हा बिनमाउसचा एडिटर बसवून दिला. एका मोडमध्ये लिहायचं, दुसऱ्यात त्याच कळांनी खोडायचं, हलवायचं. मोड बदलायची कळ मात्र वर डाव्या कोपऱ्यात, नेमकी बोटं नव्हती त्या बाजूला.

“ही हितं आण,” उजवा अंगठा आपटत ते म्हणाले होते. “थांबायची दांडी हाताखाली पायजे, पोरी. मागावर ती लांब पडली, म्हणून तर बोटं गेली.”

मग ती कळ त्यांच्या अंगवळणीच पडली. गिऱ्हाईक दारात आलं, की आधी अंगठा. जेवायची हाक आली, की अंगठा. साताऱ्याहून दीक्षाचा फोन आला, की तिला आधी ‘टक्’ ऐकू यायचं, मग “हं, बोल दीक्षे.” टक् झाल्याशिवाय ती मनातलं काही बोलायचीच नाही.

“पयल्यासारखं करून दे की गं,” कपिल म्हणाला. “उद्या पत्रिका द्यायच्यात.”

“होईल सवय. राहू दे ना.”

कोपऱ्यात दुसऱ्या लग्नाच्या पत्रिका दुमडत बसलेल्या तिच्या आईने, आक्काताईंनी, मान वर केली नाही. “करून दे त्येला. तुझ्या दादानं दुसऱ्याची चप्पल कवा पायात घातली न्हाई, आन् आपली कुणाला घातली न्हाई.”

दीक्षा खुर्चीवर बसली. अंगठा त्या कळीवर ठेवला. टक्. पडद्यावरचा कर्सर बारीक झाला आणि लुकलुकत राहिला. काम सेटिंगमधली एक ओळ पुसण्याचं होतं. तिला बराच वेळ लागला.

“आता कसं!” कपिलची दहाही बोटं पळायला लागली. नवरीचे मामा पत्रिकेत परतले.

संध्याकाळी साताऱ्यात ती लॅपटॉपवर परीक्षेचा पेपर काढत होती. फोन वाजला. आई.

“पोचलीस न्हवं? जेवलीस का काय…”

उत्तर द्यायच्या आधी दीक्षाचा उजवा अंगठा स्पेसबारशेजारच्या कळीवर पडला. तिच्या लॅपटॉपवर त्या कळीला काहीच काम नेमलेलं नव्हतं. पडद्यावर काही हललं नाही.

नुसतं टक् झालं.

पलीकडे आक्काताई बोलता बोलता गप्प झाल्या.

“हं,” दीक्षा म्हणाली. “बोल आई.”