कोकणचे दोन किनारे

वरच्या मजल्यावरची पायल सातवीत आहे. तिला दिसत नाही. चाचणी परीक्षेत नकाशाचा प्रश्न तिला माफ झाला आणि पाचपैकी पाच गुण आपोआप मिळाले. त्याचा तिला असा राग आला की विचारू नका. "मावशी, मला माफी नको, नकाशा हवाय," ती म्हणाली. माझ्याकडे लाकूड कापायचं छोटं लेझर मशीन आहे, निव्वळ हौसेचं. म्हटलं, सहामाहीच्या आधी महाराष्ट्राचे जिल्हे सुटे कापून देते, बोटांनी चाचपून लाव.

प्लायवूड एका फेरीत कापलं जात नाही, त्याच रेषेवरून लेझर दुसऱ्यांदा फिरवावा लागतो. ही दुसरी फेरी पहिलीवर बसेचना. तीन नकाशे वाया गेले. पायलने तिसऱ्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"मावशी, कोकणाला दोन किनारे आहेत. समुद्र कुठल्याला लागतो?"

परीक्षा परवावर आली होती. दोष द्यायला मी मशीन बनवणाऱ्यांपासून सुरुवात केली, मग प्लायवूडवाला, मग विजेचा दाब. पुणेकर स्वतःपर्यंत सगळ्यात शेवटी पोचतो. फळी चिकटपट्टीने घट्ट बसवली, स्क्रू आवळले, वेग निम्मा केला. छोटा चौकोन अगदी अचूक कापला जाई, नकाशा लावला की घोळ. माझा भाऊ अभय फोनवर म्हणाला, "जाऊ दे ना, तिला मार्क मिळतातच की." मी फोन ठेवला. खरं म्हणजे आपटला.

"दोन्ही किनाऱ्यांत सगळीकडे सारखंच अंतर आहे," पायल अजून चाचपतच होती. मी मोजलं. दोन मिलिमीटर. तिन्ही नकाशांत दोनच. आणि लेझरला इकडून तिकडे नेणाऱ्या दातेरी पट्ट्याचे दातही दोन-दोन मिलिमीटरवर! म्हणजे पट्टा कुठेतरी एक दात चुकवत होता, तेही लेझर पार टोकाला, गोंदियाच्या कोपऱ्यात गेला की. छोटे चौकोन तिथवर जातच नव्हते.

बॅटरी घेऊन पट्ट्याचं टोक पाहिलं. एका खाचेत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा रुतून बसला होता. दसऱ्याला मिक्सर, स्कूटर आणि हे मशीन, सगळ्यांवर मुठीने अक्षता मीच टाकल्या होत्या.

"सापडलं?" पायलने विचारलं.

"सापडलं. चूक माझीच." मला भयंकर लाज वाटली. सुईने दाणा काढला आणि चौथी फळी लावली. दोन फेऱ्या झाल्या, जिल्हे अलगद सुटून हातात आले. पायलने डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत बोट नेलं. "एकच आहे आता," म्हणाली, आणि छत्तीस तुकडे घेऊन वर पाठ करायला गेली.

पेपर मिळाले त्या दिवशी ती पेढे घेऊन आली. परीक्षेत हेच तुकडे लावून सोडवलेल्या नकाशाला पाचपैकी चार.

"एक कुठे गेला गं?"

"गोंदियाच्या जागी भंडारा लावला." तिचा चेहरा नुसता फुलला होता. "मावशी, माझा स्वतःचा चुकला!"