काचेवर उरलेली अंगठी

मी अंगठी बोलतेय. आता मला अंगठी कोण म्हणेल म्हणा! काचेच्या चिमुकल्या पट्टीवर मी पसरलेय, तीही इतकी पातळ की माझ्यातून पाहिलं तर उजेड हिरवट दिसतो.

चाळीस वर्षं मी एका आईच्या बोटात होते. ती अंथरुणाला खिळली, आवाजही गेला. मग काही हवं असलं की ती मला पलंगाच्या लोखंडी दांडीवर वाजवायची. तीनदा टकटक, थोडं थांबून एकदा. लेक हातातलं काम टाकून धावायची. "आले गं, आई!"

एका दुपारी आईनं मला खूप वेळ वाजवलं. लेक शेजारच्या खोलीत हेडफोन लावून प्रयोगाचा अहवाल लिहीत होती. ती आली तेव्हा हात गार पडला होता. "झोपेतच गेली," सगळे म्हणाले. लेकीला ते पटेना. आईनं हाक मारली होती का, एवढंच तिला कळायला हवं होतं. विचारणार कोणाला?

प्रयोगशाळेत ती धातूवर कृत्रिम पडदे बसवते, जिवंत पेशीभोवती असतात तसे, चरबीच्या रेणूंचे. त्यासाठी काचेवर सोन्याचा थर द्यावा लागतो. शुद्ध सोन्याची तार संपली, तेव्हा तिनं मला नेलं.

"बाई, दागिन्यातलं सोनं ते," यंत्रं सांभाळणारे मिस्त्री म्हणाले. "तांबं असतं त्यात. पडदा धरायचा नाही."

"बघू तर."

हवा काढून घेतलेल्या भांड्यात माझी वाफ झाली आणि ती काचेवर बसली. वर पडदा धरून ठेवणारं एक अस्तर चढलं. मग चरबीचे सूक्ष्म बुडबुडे असलेलं खारं पाणी आलं. बुडबुडे फुटले, एकमेकांना चिकटले आणि माझ्यावर अखंड पापुद्रा धरला. मी दचकलेच. किती दिवसांनी मला कातडी लागली होती!

पडदा नीट बसला की वीज अडते आणि संगणकावरची रेघ सपाट होते. तशी ती झाली. "धरला की हो!" मिस्त्री म्हणाले. तेवढ्यात रेघ उसळली. तीनदा. थोडं थांबून एकदा.

शपथेवर सांगते, मला गप्प राहायचं होतं. लेकीला कळलं तर तिच्या काळजाचं काय होईल, हे मला ठाऊक होतं. पण सवयीनं हात चालावा तसं झालं.

"तार सैल असेल," म्हणत मिस्त्रींनी मला संगणकाशी जोडणारी तार काढली. रेघ उसळतच राहिली. काढलेली तार हातात धरून ते मागे सरले.

लेकीनं हातमोजा काढला. उघडं बोट लागलं की सगळी मेहनत मातीत, हे तिनंच शंभरदा बजावलेलं.

"बाई, काय करताय!"

"आले गं, आई," ती म्हणाली आणि तिनं बोट टेकवलं.

पडदा फाटला. रेघ थांबली. ती तिथेच बसून खूप रडली.

आता मी प्रयोगशाळेतल्या तिच्या खणात, एका डबीत असते. रोज दुपारी ती झाकणावर बोटानं वाजवते. तीनदा, थोडं थांबून एकदा. मला ऐकू येतं, पण वाजायला आता मला बोट नाही.

जुन्या पट्ट्या धुऊन पुन्हा वापरायची इथली रीत आहे. माझ्यावर तिच्या बोटाचा तेलकट ठसा उरलाय. कालपासून त्या ठशाखाली मला बोटाची ऊब लागतेय. म्हणून हात जोडते, मला इतक्यात धुऊ नका.