लांडग्याची डावी बाजू

वैद्यिणीनं सुरी लांडग्याच्या डाव्या बरगडीखाली मुठीपर्यंत खुपसली आणि आतल्या आत फिरवली. रक्ताची चिळकांडी तिच्या तोंडावर उडाली. लांडगा गुडघ्यांवर आला, ढाल पायऱ्यांवरून घरंगळत गेली, आणि भोवतीच्या सत्तावीस जणांनी आरोळी ठोकली.

आरोळी अक्षरांतली होती. हा खेळ ऑनलाइन, आणि सगळा लिहून खेळायचा. ज्यानं त्यानं एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, त्याच्या हातानं मारायचं. सात वर्षं तो चालला होता. खरा कोण कुठला, बाई की बाप्या, हे कुणी कुणाला विचारायचं नाही, हा पहिला नियम. खेळाबाहेर कळलेली गोष्ट खेळात वापरायची नाही, हा दुसरा. आणि द्वंद्व जिवावरचं असेल तर हरलेल्यानं आपलं मरण आपल्याच हातानं लिहायचं. ते लिहून झालं की पात्र कायमचं पुसलं जाई.

लांडगा मरण लिहायला तयार नव्हता.

निवाडा करणारी ती पंचबाई. पोटासाठी ती ताडपत्र्या शिवायच्या कारखान्यात होती. दुपारच्या सुट्टीत मशीनच्या फळीवरच डबा उघडून एका हातानं ती तक्रारी वाचत असे.

“लबाडी झालीय, बाई,” लांडग्यानं लिहिलं. “माझी डावी बाजू उघडी पडते हे तिला ठाऊक होतं.”

“कसं ठाऊक होतं?”

“ते नाही सांगणार.”

“मग मी काय स्वप्नात बघू? चाली तुम्ही दोघांनी बंद पाकिटात दिल्या. फोडल्या मी.”

“तुम्ही पण तिच्याच बाजूच्या. बोलून उपयोग नाही.”

हे तिला झोंबलं. सात वर्षांत पक्षपाताचा डाग तिनं अंगाला लागू दिला नव्हता. न्याय चारचौघांत व्हावा, झाकून ठेवू नये, हा तिचा हट्ट. फक्त पंचाला दिसणाऱ्या नोंदींचं पान होतं, त्याचं चित्र तिनं सरळ सगळ्यांसमोर चौकात टाकलं. “घ्या, बघा डोळे भरून. वैद्यिणीची चाल लांडग्याच्या चालीआधी तेरा मिनिटं आलीय. चोरून बघेल कशी?”

चौक खूश झाला. पंच असावा तर असा, म्हणाला. त्या पानाच्या उजव्या कडेला आणखी एक उभी रांग होती. चाल कुठल्या इंटरनेट जोडणीवरून आली, त्याची. वैद्यिणीच्या ओळीत एका चष्म्याच्या दुकानाचं नाव होतं, गल्लीसकट. तेवढं कापून टाकायचं पंचबाईच्या ध्यानातच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला लांडग्यानं चौकात लिहिलं, “दुकान सापडलं. आता समोरासमोर विचारतो.”

कुठलं दुकान? तिनं चित्र उघडलं आणि कडेची रांग तिला दिसली. चित्र पुसलं, पण बघणाऱ्यानं बघितलं होतं. दुकानात फोन लावला, कुणी उचलेना. पोलीस चौकीत लावला.

“कुणाला लागलंय का?” पलीकडून विचारलं.

“अजून नाही हो, पण तो निघालाय—”

“मग लागलं की कळवा.”

दुकान याच शहरात, बसनं चाळीस मिनिटांवर होतं. अर्धी शिवण मशीनखाली तशीच सोडून ती उठली. मुकादम मागून ओरडला, “अहो, कुणी मेलंय का?” अंगावरचा एप्रनही काढायचा राहिला. त्याच्या खिशात बुचात खोचलेलं दाभण होतं.

दुकानाच्या दारातच पायाखाली काचा करकरल्या. आत गल्ल्याआड आडवा पडलेला माणूस पन्नाशीचा, जाडजूड, अर्धं टक्कल पडलेला. त्याच्या छातीवर एक उंच तरुण बसला होता आणि उजव्या मुठीनं त्याच्या तोंडावर ठोसे घालत होता. डावा हात नुसता लोंबत होता. प्रत्येक ठोशाला ओली चादर आपटल्यासारखा आवाज येई. एक म्हातारी फ्रेमांचा पत्र्याचा ट्रे तरुणाच्या पाठीत हाणत होती.

“सोड मेल्या! माझ्या भावानं तुझं काय घोडं मारलंय?”

“भाऊ? बाई होऊन गप्पा मारत होता माझ्याशी! तीन वर्षं!”

“कुठली बाई? हा तर समोरच्या बाईशीसुद्धा मान वर करून बोलत नाही!”

“आक्का, आत जा,” खालचा माणूस रक्ताच्या गुळण्यांतून म्हणाला. “तू ऐकू नकोस.”

जीव जायच्या वेळीही त्याला काय लपवायचंय हे पंचबाईला लख्ख कळलं. हीच वैद्यीण.

ती मध्ये पडली. लांडग्याचं कोपर तिच्या तोंडावर बसलं, ओठ फाटला. तो उठला, चष्मेवाल्याला कॉलरला धरून त्यानं काचा घासायच्या यंत्राकडे ओढलं. चाक सुरूच होतं. पाण्याचा बारीक फवारा उडवत ते गरगरत होतं, आणि चष्मेवाल्याचा गाल वीतभर लांब होता. त्यानं हातानं टेका घेतला तर दोन बोटं चाकावर गेली. किंचाळी अशी उठली की रस्त्यावरची माणसं थांबली.

पंचबाई मुंगीवरून पाय उचलून घेणारी. तिनं दाभण काढलं, देवाचं नाव घेतलं आणि लांडग्याच्या मांडीत घातलं. जाड ताडपत्रीत घालतात तसं, तळव्याचा जोर लावून. ते मुठीपर्यंत गेलं. बाहेर ओढताना मांसाची पकड तिच्या हाताला कळली.

लांडगा भिंतीला टेकून खाली घसरला.

“तुम्ही कोण?” तो कण्हला.

“पंच.”

“बाई... तुम्हीसुद्धा मारलंत.” लहान पोरासारखा त्याचा चेहरा वाकडा झाला. उजव्या हातानं त्यानं डावा हात उचलला आणि सोडून दिला. तो मेल्या माशासारखा पडला. “कारखान्यात यंत्रात गेला. कुणाला सांगत नाही मी. एकट्या तिला सांगितलं, खेळाबाहेर, रडून. म्हटलं, लिहितानासुद्धा ढाल डावीकडे उचलायचं सुचत नाही मला. आणि तिनं तिथंच सुरी घातली. विचारा त्याला!”

चष्मेवाल्यानं डोळे मिटून घेतले.

पोलीस आले आणि लंगडणाऱ्या लांडग्याला घेऊन गेले.

इस्पितळात चष्मेवाल्याचा जबडा तारेनं बांधला. दोन बोटांची टोकं गेली होती. आक्कानं पंचबाईला बाहेर बाकावर गाठलं.

“खरं सांगा, ह्याची कुठं भानगड आहे का? तो मेला बाई बाई काय म्हणत होता?”

“माणूस चुकला असेल त्याचा, आक्का.”

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. ओठाचा टाका ओढला गेला.

आत चष्मेवाल्यानं डाव्या अंगठ्यानं फोनवर लिहून तिच्यापुढे धरलं: तो खरं बोलला. मला वैद्यिणीला मरू द्यायचं नव्हतं.

“मग निकाल फिरवावा लागेल, दादा.”

त्यानं जोरजोरात मान हलवली. कळ मस्तकात गेली असणार, डोळ्यांतून पाणी आलं. अंगठा पुन्हा चालला: माझं तोंड फोडलं त्यानं. आणि जिंकवता त्यालाच?

“तोंड फोडलं म्हणून तो कोठडीत आहे. खेळातूनही त्याला कायमचा काढतेय. पण द्वंद्व तो हरला नव्हता.”

त्यानं लिहिलं: इथं दुकानात मी नुसता बसून असतो, बाई. जगतो ते तिकडं.

“माहीत आहे मला.” तिनं त्याच्या उशाशी खुर्ची ओढली. “घाई नाही. मी बसलेय.”

वैद्यिणीचं मरण लिहायला त्याला दीड तास लागला. लांडग्यानं उजव्या हातानं वैद्यिणीचा गळा चिरला. तिनं मदतीला कुणाला बोलावलं नाही. जखमा शिवण्यात सात वर्षं गेलेले हात तिनं स्वतःच्या गळ्याकडे नेले नाहीत. रक्त पायऱ्यांवरून खाली गेलं आणि सकाळपर्यंत वाळलं. एवढंच. पंचबाईनं दोनदा वाचलं आणि पात्र पुसलं.

दुकानातल्या मारामारीची बातमी चौकात आधीच पोचली होती; निकाल फिरलेला दिसताच तिथं आग लागली. “हल्ला करणाऱ्याला जिंकवलं?” “पंचबाई घाबरली!” “काल नोंद दाखवत होतीस ना? आज दाखव की!” कुणी तिच्या आईबापांवर गेलं. दोन ओळींत सगळ्यांची तोंडं गप्प झाली असती. पण त्या दोन ओळींत एकाचा लुळा हात होता आणि दुसऱ्याचं सगळं आयुष्य.

“नोंद दाखवणार नाही,” तिनं लिहिलं. “काल दाखवली म्हणून एक माणूस मरता मरता वाचलाय. निकाल हाच राहील. पंचाची जागा मी सोडते.”

शिव्या वाढतच गेल्या. चष्मेवाल्याच्या फोनवरही त्या येत होत्या. तो बघत होता. एकाएकी त्यानं लिहायला घेतलं: पंचबाईंचा दोष नाही, लबाडी मीच—

तिनं त्याचा अंगठा धरला.

“नको. कशी केलीत ते विचारतील. त्याच्या लुळ्या हाताची गोष्ट निघेल त्यात.”

मग लिहिलेलं एकेक अक्षर त्यानं मागं घेतलं.