परीचा विझलेला कंदील

गेम बघताच देवानंद हसला. सगळ्या क्लासला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं हसला.

"शेठ, हे काय आणलं? परी! हातात विझलेला कंदील घिऊन डोंगरावर चालली. आपण कम्प्युटर क्लास काढला का बालवाडी?"

सुगनचंद शेठचं आष्टीच्या बाजारात कापडदुकान होतं आन वरच्या मजल्यावर हा क्लास. गेमची सीडी त्यांच्या पुतण्यानं जालन्याहून आणल्ती. सुट्टीत लहान पोरांची बॅच काढायची, आधी गेम दाखवायचा, मंग कीबोर्ड शिकवायचा, असा शेठचा बेत. शिकवायला दोघं होते, देवानंद आन बेबीनंदा. बॅच एकालाच मिळणार, दुसऱ्यानं खाली बसून लोकांचे अर्ज टाइप करायचे.

"उद्या पोरांसमोर दोघंबी खेळा," शेठ म्हणाले. "गेम शेवटापर्यंत जो नेईल, बॅच त्याची. बराबर?"

"बिलकुल बराबर," देवानंद म्हणाला. त्याला अर्ज टाइप करायचे नव्हते. त्याला 'सर' व्हायचं होतं. गावातल्या निम्म्या लोकांना त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं की झालोच म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अठरा पोरं जमली. बारा ते चार लोडशेडिंग, हे आष्टीत शेंबड्या पोरालाबी पाठ. क्लासात यूपीएस होता, पण त्याची बॅटरी कधीच मेलेली.

"दोन तास कशाला, अर्ध्या तासात उडवतो," म्हणत देवानंद बसला.

परी चालायला लागली. वाटेत एक म्हातारं कासव भेटलं आन इंग्रजीत काहीतरी सांगायला लागलं. देवानंदनं बटन दाबून त्याचं तोंड बंद केलं. पुढं शेतातलं बुजगावणं बोलायला लागलं, त्यालाबी उडवलं. मंग बेडूक.

"सर, ते काय म्हणालं?" एका पोरीनं विचारलं.

"काय म्हणणार बेडूक? डराव डराव."

पोरं हसली. देवानंदला बरं वाटलं.

"भाऊ, जरा वाचून तर बघा," मागून बेबीनंदा म्हणाली. तिच्या मांडीवर डिक्शनरी होती.

"बेबे, डिक्शनरी घिऊन कोणी गेम खेळतं का? मला येती इंग्रजी."

दर वळणावर कडब्याची गंजी होती. परीला गंजीत झोपवलं की तिथपर्यंतचा खेळ सेव्ह व्हायचा. शेठचा पुतण्या हे सांगून गेल्ता.

"झोपवा की तिला," पोरं ओरडली.

"ही काय माहेरपणाला आली का झोपायला?" देवानंद म्हणाला आन परीला तसंच पळवलं.

पावणेबाराला परी डोंगरावर पोचली. दारात दगडाचा हत्ती. त्यानं विचारलं, कासवाच्या लेकीचं नाव काय? देवानंदनं बटन दाबलं. हत्ती हलला न्हाई. अजून दाबलं. हत्तीनं पुन्हा तेच विचारलं.

"फालतू हत्ती," देवानंद म्हणाला, पण कपाळावर घाम आल्ता. त्यानं परीला उलटं पळवलं, खाली, कासवाकडं. बेडूक गेला, बुजगावणं गेलं. कासव दिसलं. कासवानं तोंड उघडलं.

आन लाइट गेली.

पंखा हळूहळू थांबला. पडदा काळा. मंग कोणीतरी म्हणालं, "आता पुन्हा पहिल्यापासून."

"लाइट गेली त्याला मी काय करू?" देवानंद ओरडला.

"लाइट रोजच जाती," शेठ म्हणाले.

चार वाजता लाइट आली आन बेबीनंदा बसली. तिचं खेळणं म्हंजे बैलगाडी. कासव बोललं की ती थांबायची, शब्द शोधायची, मराठीत पोरांना सांगायची. कासवाची लेक पर्ल, तलावात हरवली. बुजगावण्याला पाखरांशी दोस्ती करायची. गंजी आली की परीला झोपवायची, पोरंबी हळू आवाजात बोलायची. देवानंद दाराला टेकून जांभया देत होता. खोट्या.

पावणेसहाला हत्तीनं विचारलं.

"पर्ल!" अठरा पोरं एकदम ओरडली. हत्तीनं अजून दोन सवाल टाकले, तेबी पोरांनीच सोडवले. दार उघडलं. परीचा कंदील पेटला, सगळं जंगल उजळलं आन गेम संपला. पोरं बेबीनंदाच्या खुर्चीला लटकली. "मॅडम, उद्या पुन्हा!"

"एवढ्या येळात मी असले तीन गेम संपवले असते," देवानंद म्हणाला.

"एकच संपवायचा होता," शेठ म्हणाले. "खाली रखमाजी तासाभरापासून बसलेत, सातबाऱ्याचा अर्ज करायचाय. जा."

देवानंद जिना उतरला. रखमाजी बाकावर बसले होते. त्यांनी टोपी नीट केली आन पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आधी आज्याची जमीन, मंग चुलत्याची वाटणी.

"मुद्द्याचं सांगा, बाबा," देवानंद म्हणाला.

"तेच सांगून राह्यलो," रखमाजी म्हणाले आन पुन्हा आज्यापासून सुरू झाले.