शिवल्यावर धुतलेला हात

असं समजा, तुम्ही बुलडाण्याच्या एका दवाखान्यात आजोबांच्या पायथ्याशी बसला आहात. खाटेला हात चोळायच्या औषधाची बाटली टांगलेली आहे. आता देऊळघाटच्या समताला जे दिसलं, ते तुम्हीही पाहा.

शरयू सिस्टरनं समताच्या आबाजींच्या, म्हणजे जानरावांच्या, पायाच्या अंगठ्याची जखम दाबून पाहिली आणि लगेच बाटलीतलं औषध घेऊन हात खसाखसा चोळले. मग शेजारच्या खाटेवरच्या नीळकंठ बाबूंची नाडी पाहिली. त्यांच्याशी दोन शब्द हसून बोलली आणि हात न चोळताच पट्टीचं सामान आणायला गेली.

आबाजींनी पाय चादरीत ओढून घेतला. "पाह्यलं? मले शिवली तं हात धुतले. त्याले शिवली तं नाई. चाल, घरी जाऊ."

समता गोंधळली. आबाजींना लहानपणी पाणी वरून ओतून देत, भांड्याला हात लावू देत नसत, हे तिनं ऐकलं होतं. पण शाळेतल्या बाई तर सांगत, हात धुणं चांगलं. चांगल्या गोष्टीनं अपमान कसा होईल? आणि डॉक्टर सकाळीच बोलले होते, जखम चिघळली तर अंगठा कापावा लागेल.

सिस्टर परत आली, तेव्हा आबाजी भिंतीकडे तोंड करून पडलेले. शेवटी समतानंच विचारलं, "आमच्या आबाजीले शिवल्यावर हात धुतले, मंग काकाले शिवल्यावर काऊन नाई?"

सिस्टर थबकली. एकाचे जंतू दुसऱ्याला लागू नयेत म्हणून हात चोळतात, सगळ्यांसाठीच चोळतात, असं तिनं समजावलं. मग तिकडं का नाही चोळले, हे तिचं तिलाच कळेना.

"तिथं राहूनच गेलं गं. त्यांचा हात स्वच्छ दिसला, म्हणून असेल."

"दिसला," आबाजी भिंतीलाच म्हणाले.

नीळकंठ बाबू आपले तळहात उलटेपालटे करून पाहू लागले. समतानंही ते पाहिले, मग आबाजींचे पाहिले. जंतू कुठेच दिसेनात. मग सिस्टरला स्वच्छ ते काय दिसलं असेल?

"आजोबा, चूक तिकडं झाली, इथं नाही," सिस्टर हळूच म्हणाली. "पाय द्या."

आबाजींनी मान वळवली. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा नातीकडे. बऱ्याच वेळानं चादर हलली आणि पाय बाहेर आला.

सिस्टरनं घाईनं हात पुढं केला. नीळकंठ बाबूंना लागलेला, तोच हात.

समतानं खाटेची बाटली काढली आणि मधे धरली.