बटणाएवढा ब्रेक

"दोन्ही हातांनी धर, गिस्लेन! आणि तोंड बंद ठेव. तुझ्या बडबडीनंच पडेल तो."

मागच्या सीटवर मी आणि माझ्या मिठीत ओदिलच्या लग्नाचा केक. म्हणजे क्रीम भरलेले गोळे पाकाने चिकटवून रचलेला मनोरा, माझ्या डोक्याहून उंच! पुढे माझे बाबा, गावचे बेकरीवाले आन्सेल्म कुर्तादों, इस्त्रीचा कोट घालून चक्क एसएम ही आलिशान मोटार चालवत होते.

गाडी आमची कुठली! नोटरीसाहेबांची. ओदिल त्यांची मुलगी. टेकडीवरच्या त्यांच्या घरापर्यंत आमच्या व्हॅनमधून एकही मनोरा आजवर धड पोचलेला नाही. दर वेळी बाबा मागच्या दाराने शिरून निखळलेले गोळे चिकटवत बसतात आणि पाहुणे म्हणतात, "कुर्तादोंचा ना? मग झुकणारच." या वेळी नोटरीसाहेब स्वतःच म्हणाले, "माझी गाडी न्या. तिला खड्डा कळतसुद्धा नाही."

खरंच कळत नव्हता! इंजिन सुरू होताच बसलेली गाय उठावी तशी ती चाकांवर हळूच वर उठली. नदीकाठच्या दगडी रस्त्यावर मनोऱ्यावरची साखरेची नवरी हललीसुद्धा नाही.

"बाबा, आपण तरंगतोय!"

बाबा शीळ घालत होते. मी त्यांची शीळ त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

चौकातल्या कॅफेबाहेर नेहमीची मंडळी बसली होती. बाबा पहाटेआधी उठून भट्टी पेटवणारे. ते तिथे कधी बसत नाहीत आणि त्यांना कोणी हाकही मारत नाही. त्यांनी शीळ थांबवली, कॉलर सारखी केली आणि ब्रेक दाबला. व्हॅनचा दाबतात तसा, सगळा जीव पायात आणून.

एसएमचा ब्रेक म्हणजे नुसतं एक रबरी बटण. त्याला स्पर्श पुरतो.

गाडी जागच्या जागी थांबली. मनोरा थांबला नाही.

क्रीम काचेवर, आरशावर, बाबांच्या मानेवर. कॅफेतले सगळे धावत आले. ग्युस्तावकाकांनी आत डोकावून कपाळाला हात लावला. "आन्सेल्म, कुत्रं आडवं आलं ना रे? आम्ही पाहिलं की! काळं होतं."

"तपकिरी," मागून कोणीतरी म्हणालं.

"हो बाबा, कुत्रंच होतं!" मीही ओरडले.

बाबांनी गाडी पुन्हा सुरू केली आणि बैलगाडीच्या वेगाने टेकडीवर नेली.

नोटरीसाहेब फाटकाशीच उभे होते, मागे ओदिल झगा सावरत. आम्ही खाली उतरलो. नोटरीसाहेबांनी गाडीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "काही आडवं आलं का, आन्सेल्म?"

मी बाबांना कोपर मारलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"नाही साहेब. रस्ता मोकळा होता. कॅफेतल्यांनी मला या गाडीत बघावं, म्हणून थांबत होतो."

शाळेत मी कोणालाही उलट उत्तर देते. तिथे मात्र मला मान वर करता येईना.

"वाट्यांत वाढू या," ओदिल हळूच म्हणाली.

बाबांनी कोट काढून त्यानेच सीट पुसली, काच पुसली, आरसा पुसला. किल्ली दिली. कोट उलटा करून, क्रीम आत जाईल असा, काखेत घेतला. केकची रिकामी फळी मी उचलली. आमच्या मागे इंजिन बंद झालेली ती गाडी हळूहळू खाली बसत होती.

उतारावर बाबा चौकाकडे न वळता गिरणीमागच्या वाटेला लागले.

"तिकडून लांब पडतं, बाबा."

"पडू दे."