पोर्च डॉग्जची शेवटची रेकॉर्ड

साउथहॅम्प्टनच्या पबमध्ये दुपारी साउंडचेक करतानाच मृणालच्या लक्षात आलं, की गायक डेल गाण्यांचे शब्द विसरतोय. आणि संध्याकाळी लोकांसमोर पोर्च डॉग्जची शेवटची रेकॉर्ड व्हायची होती.

ओहायोतल्या एका गॅरेजमध्ये सुरू झालेला हा बँड कधी मोठ्या कंपनीच्या दारात गेला नाही. रेकॉर्डची कव्हरं स्वतः चिकटवायची, व्हॅन स्वतः हाकायची. रेकॉर्डिंगला गाणं एकदाच वाजवायचं. चुकलं तर चुकीसकट छापायचं. अमेरिकेत त्यांना फारसं कुणी विचारलं नाही, इंग्लंडमध्ये मात्र छोटे पब भरायचे. इथल्या दौऱ्यांत ऑर्गनवर रीडिंग शहरातली मृणाल असायची. हॉटेल परवडायचं नाही, म्हणून चौघे तिच्या आईच्या, कांताबाईंच्या, बैठकीत गाद्या टाकून झोपायचे आणि सकाळी ठेच्यानं घामाघूम व्हायचे. त्या चौघांतले दोघे आता नव्हते.

"शब्द कागदावर लिहून समोर ठेवू," मृणाल म्हणाली.

"मग चष्मा लागेल," डेल म्हणाला. "चष्मा लावून रॉक अँड रोल? त्यापेक्षा मी घरी जातो."

ड्रमर कर्टिसनं तिला बाजूला घेतलं. "तो अडकला की मी थांबणार. लोक त्याला हसलेले मला बघवणार नाहीत. रेकॉर्ड गेली खड्ड्यात."

संध्याकाळी पहिली काही गाणी निभावली. मग त्यांच्या सगळ्यात जुन्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी, डेल थबकला. तोंड उघडं, शब्द नाहीत. ड्रम बंद पडला.

मृणालचे हात थांबले नाहीत. लहानपणी क्रॉयडनच्या हॉलमध्ये भीमजयंतीला ती आईच्या गायन पार्टीत कोरसला बसायची. गायक अडला तर तो परत येईपर्यंत कोरसनं ध्रुवपद धरून ठेवायचं, हा आईचा दंडक. आज गाणं इंग्रजी होतं, एवढंच. एरवी कधीच न गाणाऱ्या मृणालनं ध्रुवपद धरलं.

पहिल्या रांगेत कानात कापूस घालून बसलेल्या कांताबाई ओरडल्या, "सोडू नकोस गं!"

"आई, गप्प बस ना! रेकॉर्डिंग चाललंय!"

डेल खदखदून हसला. शब्द काही आले नाहीत. तो नुसता सांगायला लागला: हे गाणं जमलं त्या हिवाळ्यात वडिलांच्या गॅरेजमध्ये गिटारवाला वेन गारठलेल्या बोटांवर कसा फुंकर घालायचा, आणि शेजारीण कुंपणापलीकडून पोलिसांच्या धमक्या कशी द्यायची. सांगता सांगता त्याला एक ओळ सापडली. ती भलत्याच गाण्यातली होती. त्यानं जीव तोडून म्हटली.

मृणालनं मागे वळून पाहिलं. कर्टिस शिव्या घालत, बाहीनं डोळे पुसत, खाली पडलेली स्टिक शोधत होता. त्याच्या हाताला ती लागेपर्यंत मृणालनं ध्रुवपद आणखी एकदा ताणलं. मग ड्रम आला.